वृक्षासनाची घाई नको

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. चार महिन्यांपूर्वी डाव्या कानामागून शस्त्रक्रिया करून माझी अकूस्टिक न्यूरोमाची गाठ काढण्यात आली. गाठ कर्करोगाची नव्हती, मात्र त्या कानाने आता ऐकू येत नाही. दिवसा सपाट रस्त्यावर मी नीट चालतो. पण तिन्हीसांजेला शेताच्या बांधावर चालताना किंवा बाजारात कोणी हाक मारली म्हणून मान वळवताना डावीकडे झोक जातो. तोल सुधारावा म्हणून वृक्षासन करू लागलो, तर गरगरल्यासारखे होते आणि मग मी चक्करेची गोळी घेतो. एक परिचित शीर्षासन व कपालभाती सुचवतात. मी काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : शीर्षासन आणि कपालभाती यांना तूर्त स्पष्ट नकार द्या. या शस्त्रक्रियेत मेंदूभोवतीचे आवरण उघडून पुन्हा बंद केलेले असते, आणि डोके खाली करणे, श्वास कोंडणे किंवा पोटाचे जोरदार झटके देणे यांमुळे डोक्यातील दाब वाढतो. तुमच्या शल्यविशारदांना विचारल्याशिवाय यांतले काहीही करू नये. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागला, किंवा तापाबरोबर मान ताठरली, तर त्याच दिवशी त्यांना गाठावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या गाठीचे रूढ नाव थोडे फसवे आहे (‘अकूस्टिक’ म्हणजे ऐकण्यासंबंधीचे), कारण ती बहुधा ऐकण्याच्या नव्हे, तर तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या वेष्टनातून वाढते आणि ती काढताना तो तंतू सहसा वाचत नाही. गेलेला तंतू कोणत्याही आसनाने परत येत नाही. तरीही तोल सुधारतो, कारण मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळत असते : दोन्ही आंतरकर्ण, डोळे, आणि पाय व सांध्यांतील जाणिवा. डाव्या कानाची खबर थांबली, की उरलेल्या खबरींचा नवा हिशेब मेंदू हळूहळू मांडतो. तिन्हीसांजेच्या बांधावर तुमचा झोक का जातो, हेही यावरून कळेल. तिथे अंधार डोळ्यांची मदत काढून घेतो आणि भुसभुशीत माती पायांची.

हा नवा हिशेब बसायला चुका घडाव्या लागतात. हालचाल झाली, नजर हलली, थोडे गरगरले, तरच मेंदूला दुरुस्तीचे कारण मिळते. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कूक्सी या डॉक्टरांनी डोळे, मान आणि धड हलवण्याचे जे व्यायाम बसवले, त्यांचा पाया हाच आहे. आपल्याकडे मात्र आसन म्हणजे निश्चल राहणे, ही समजूत घट्ट आहे. ‘स्थिरसुखमासनम्’ हे सूत्र खोटे नाही, परंतु तुमच्या बाबतीत स्थिरता ही सुरुवात नसून फळ आहे. म्हणून वृक्षासनात किती आकडे मोजले याची फुशारकी बाजूला ठेवा आणि ताडासनाकडे परत या.

खोलीच्या कोपऱ्यात, पाठीमागे दोन भिंती आणि समोर भक्कम खुर्ची येईल असे, अनवाणी उभे राहा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, पट्टा यांचा आधार आसनांसाठी रूढ केला. तो आधार घेण्यात कमीपणा मुळीच नाही. पावले जुळवून उभे राहणे जमले, की समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका अक्षरावर नजर खिळवून मान सावकाश डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली फिरवा. अक्षर स्पष्ट दिसत राहील एवढाच वेग ठेवा. नंतर एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून हेच करा, आणि त्यानंतर घडी घातलेल्या घोंगडीवर उभे राहून. डोळे मिटणे सर्वांत शेवटी, आणि तेही घरातले कोणी जवळ असतानाच. एका पायावर उभे राहण्याची पाळी यानंतर येते. सूर्यनमस्कारही पुढे, डोके खाली नेण्याची परवानगी मिळाल्यावर, अगदी संथपणे करता येतील; डोक्याची दिशा सतत बदलत असल्याने ते तुम्हाला वृक्षासनापेक्षा अधिक उपयोगी पडतील, असे माझे मत आहे.

सरावानंतर थोडे गरगरणे अपेक्षित आहे. ते १५-२० मिनिटांत शमत असेल तर मात्रा योग्य. तासन्‌तास टिकत असेल तर दुसऱ्या दिवशी वेग कमी करा. प्रत्येक वेळी गोळी घेण्याची सवय मात्र डॉक्टरांशी बोलून मोडायला हवी, कारण चक्कर दडपणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर मेंदूचे हे शिकणेही मंदावते. जवळपास तोलाच्या व्यायामांची माहिती असलेले फिजिओथेरपिस्ट असतील, तर पहिले काही आठवडे त्यांच्या नजरेखाली काढावेत.

तुम्ही लिहिलेले नाही, पण डावा डोळा पूर्ण मिटतो का, हे आरशात पाहा. चेहऱ्याचा मज्जातंतू या गाठीला अगदी खेटून जातो. तो अशक्त झाला असेल तर पापणी न हलवता करायचे त्राटक डोळा कोरडा करून इजा करू शकते, म्हणून ते टाळा. अंघोळीत तोंडावर पाणी घेताना डोळे मिटले जातात, तेव्हा एक हात भिंतीला असू द्या. विहिरीत पोहण्याची सवय असेल तर ती सध्या बंदच ठेवा. पाण्याखाली अंधारात वर कोणते आणि खाली कोणते, हा अंदाज चुकू शकतो. आणि योगवर्गाला जाणार असाल तर डाव्या टोकाची जागा धरा, म्हणजे मधे उभ्या असलेल्या शिक्षकांचे बोलणे तुमच्या चांगल्या, उजव्या कानावर पडेल आणि प्रत्येक सूचनेला मान वळवावी लागणार नाही.