आधी नळी बघा, गोष्ट नंतर ऐका

या महिन्यात जुन्या लष्करी रायफलींवर बरीच पत्रं आली, म्हणून बाकी विषय बाजूला ठेवून यांनाच उत्तरं देतोय.

प्रश्न: लायसन्स हातात आलंय. पहिली रायफल म्हणून जुनी लष्करी बोल्ट-ॲक्शन घ्यायची ठरवलंय. एक विक्रेता मोसिन-नागां ९१/३० दाखवतोय, म्हणतो १९४२ ची आहे, लढाईत वापरलेली आणि सगळे नंबर मॅचिंग. दुसऱ्याकडे ली-एनफील्ड नंबर ४ आहे पण तिचं लाकूड पार खरचटलेलं. कुठली घेऊ?

नळी बघितल्याशिवाय दोन्हीपैकी एकही घेऊ नका. खरंच सांगतो, पहिल्या खरेदीत माणूस लाकडाची चमक आणि विक्रेत्याची गोष्ट बघतो आणि नळीत डोकावायचं राहून जातं, आणि मग टार्गेटवर गोळ्या आडव्या लागायला लागल्या की कळतं. रिकामी आहे ना ते आधी स्वतः तपासा, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा, हाताने ओढायचा दांडा, बाहेर काढा, तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर उजेड पाडा आणि मागून बघा. आतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या, कडा धारदार दिसल्या तर छान. आतला भाग थोडा धुरकट, दहिवर पडल्यासारखा दिसला तरी घाबरू नका, अशा कित्येक नळ्या मस्त मारतात. खड्डे पडलेले असतील तर मात्र विचार करा, आणि आत कुठे गोल काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते, ती रायफल सोडून द्या.

मग तोंड बघा. यातल्या बऱ्याच रायफली आयुष्यभर स्टीलच्या रॉडने पुढूनच साफ केल्या गेल्या आणि रॉड घासून घासून तोंडाशी आटे झिजतात. काडतूस नाही, नुसती सुटी गोळी घ्या, त्याच कॅलिबरची, आणि टोक तोंडात ठेवा. दोन-तीन रायफलींवर हे करून बघितलं की गोळी कुठे पटकन अडते आणि कुठे खोल जाते हा फरक लगेच कळतो. मोसिनमध्ये कधीकधी तोंडाशी नळी मुद्दाम थोडी मोठी ड्रिल केलेली सापडते. झिजलेला भाग काढून आटे आतून सुरू करायची ती कारखान्याची दुरुस्ती आहे, त्यात फसवणूक काही नाही.

आता त्या मॅचिंग नंबरांचं, म्हणजे सगळ्या भागांवर एकच नंबर असण्याचं. महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी रायफली सुट्या करून, साफ करून परत जोडल्या आणि जोडताना बोल्ट, मॅगझिनची खालची पट्टी, बटप्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी) यांच्यावर नळीचा नंबर टाकला. म्हणजे नंबर जुळतात पण तो जोडा शस्त्रागारात लागलेला असू शकतो. बोल्टवरचे आकडे आणि नळीवरचे आकडे शेजारी ठेवून बघा, वळण वेगळं दिसेल, कधी जुना नंबर खोडलेला दिसेल. नळीवर त्रिकोणात बाण असेल तर रायफल इझेव्स्कच्या कारखान्यातली, तारा असेल तर तुला नावाच्या शहरातल्या कारखान्यातली. १९४२ ची इझेव्स्कची असेल तर रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर, लेथच्या रेघा ढोबळ दिसतील, युद्धाच्या घाईत पॉलिश करायला वेळ नव्हता, तो दोष समजू नका, मला तर त्या रेघा फार आवडतात. पण "लढाईत वापरलेली" हे नळी सांगत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

ली-एनफील्डचं खरचटलेलं लाकूड अजिबात मनावर घेऊ नका. तिथे बोल्टचा नंबर आणि बॉडीचा नंबर जुळतो का बघा आणि हेडस्पेस गेजने तपासून घ्या. हेडस्पेस म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे हलायला किती जागा उरते ते. एनफील्डच्या .३०३ आणि मोसिनच्या काडतुसाला मागे कडा असतो, त्यावर ते अडतं. माउझरसारख्या बिनकड्याच्या काडतुसात ते स्वतःच्या खांद्यावर, म्हणजे केस अरुंद होते तिथे, अडतं. जागा जास्त झाली तर पितळी केस ताणून फाटू शकते आणि गरम गॅस तुमच्या चेहऱ्याकडे येतो. नंबर ४ मध्ये बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि ० ते ३ अशा मापांत येतं, त्यामुळे ही दुरुस्ती सोपी आहे. पण गेज लावायचं काम पहिल्या वेळी तरी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या.

दोन्ही तपासून नळी सारखीच निघाली तर मी एनफील्ड घेईन. दहा गोळ्यांचं मॅगझिन, लोण्यासारखा बोल्ट, सेफ्टी अंगठ्याने लागते. मोसिनची सेफ्टी लावायला मागचा गोळा ओढून फिरवावा लागतो, हात दुखतो. पण एनफील्डमध्ये भरताना वरच्या काडतुसाचा कडा खालच्याच्या पुढे हवा, मागे राहिला तर अडकतं.

प्रश्न: स्वस्तात मिळतायत म्हणून दोन रायफली बघितल्या, १९०३ स्प्रिंगफील्ड आणि जपानी टाइप ९९. काही धोका?

दोन्ही चांगल्या रायफली, पण दोन्हीकडे एकेक गोष्ट आधी बघायलाच हवी. स्प्रिंगफील्ड आर्मरीची ८,००,००० च्या खालचा नंबर किंवा रॉक आयलंडची २,८५,५०७ च्या खालचा असेल तर उडवू नका, त्या काळात रिसीव्हरची उष्णता-प्रक्रिया नजरेच्या अंदाजाने व्हायची आणि काही रिसीव्हर ठिसूळ निघाले. भिंतीवर लावायला घ्या. जपान्यांनी सरावासाठी केलेल्या काही रायफली फक्त गोळी नसलेल्या, नुसता आवाज करणाऱ्या काडतुसांसाठी होत्या, आटे नसलेली गुळगुळीत नळी दिसली की थांबा.

प्रश्न: रायफल ग्रीसने माखलेली आलीय, लाकडातूनही काहीतरी पाझरतंय. सॅंडपेपर मारून वॉर्निश करू का?

नको, कृपा करून नको. ते ग्रीस म्हणजे कॉस्मोलिन, साठवणीत गंज लागू नये म्हणून चोपडलेलं. धातूचे भाग सुटे करून मिनरल स्पिरिट आणि ब्रशने साफ करा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब. लाकूड कापडात गुंडाळून उन्हात ठेवा, घामासारखं ग्रीस वर येतं, पुसा, परत ठेवा. चार-पाच दिवस लागले तरी लागू देत. सॅंडपेपरने दस्त्यावरचे तपासणीचे शिक्के जातात, आणि एकदा गेलेला शिक्का कोणी परत आणू शकत नाही, आणि लाकूड आणि धातू यांच्यामधली फटही वाढते.

चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, मात्र विसरू नका. मोसिनचा बोल्ट गोळी उडाल्यावर जाम होतो, हातोडी लागते अशी तक्रार सारखी येते, आणि पुष्कळदा त्यामागे चेंबरमध्ये साचून कडक झालेलं हेच ग्रीस असतं. चेंबर ब्रशला स्पिरिट लावून घासा, चिंधी पांढरी येईपर्यंत.

प्रश्न: पत्र्याच्या डब्यातली जुनी सोव्हिएत काडतुसं वापरली, त्याच संध्याकाळी तेल लावून ठेवलं, तरी तीन दिवसांत नळी आतून लाल! तेल खराब होतं का?

तेलाचा दोष नाही. हे माझ्याही बाबतीत झालंय, पहिल्याच रायफलीला, आणि ते खड्डे आजही चिंधीला अडतात तेव्हा वाईट वाटतं. त्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मागच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असतं, उडाल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. मीठ तेलात विरघळत नाही, तुम्ही मिठावर तेलाचा थर दिलात एवढंच झालं. पाणी लागतं. रेंजवरून आल्या आल्या चेंबरकडून गरम पाणी ओता, फनेलला रबरी नळी लावली की लाकूड भिजत नाही. बोल्टचं तोंड धुवा. पुसून पूर्ण कोरडं करा आणि मग तेल. काच पुसायच्या अमोनियाच्या लिक्विडची चर्चा ऐकाल, त्यातही काम पाणीच करतं. दुसऱ्या दिवशी एक चिंधी फिरवून बघा.

प्रश्न: १०० मीटरवर माझी ९१/३० सारखी एका बाजूला मारते, समोरची साइट सरकवू का?

आधी संगीन आहे का बघा. सोव्हिएत सैन्यात ही रायफल संगीन लावूनच झीरो करायचे, म्हणजे नेमावर गोळी लागेल अशी साइट जुळवायचे, ती काढली की नळीची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे जाते. रेंजवर चालत असेल तर संगीन लावून पाच गोळ्या मारून बघा, नसेल तर मग पुढची साइट थोडी थोडी सरकवा. साइट सरकवताना छोटं टूल वापरा, हातोडीने ठोकू नका. आणि हो, दोन्ही कानांत प्लग आणि वर मफ, डोळ्यांना चष्मा. स्टीलची बटप्लेट खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवा, सैल धरली की निळं होतं. पहिल्या दिवशी वीस गोळ्या भरपूर झाल्या.

प्रश्न: माझ्याकडे स्विस के-३१ आहे. हिचा इतिहास कसा शोधू?

भाग्यवान आहात. सरळ मागे ओढायचा बोल्ट, ७.५ बाय ५५ चं काडतूस, आणि त्यांचं जीपी-११ काडतूस गंज न आणणारं, म्हणजे वरचा पाण्याचा खटाटोप नाही. बटप्लेटचे दोन स्क्रू काढा, पण खाचेत नीट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच चिरते. कित्येक के-३१ मध्ये तिथे एक छोटी चिठ्ठी सापडते, ज्या सैनिकाकडे ती रायफल होती त्याचं नाव आणि तुकडी लिहिलेली. पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी तर किती वेळ नुसता बघत बसलो. कागद ठिसूळ असतो, चिमट्याने उचला, फोटो काढा आणि परत तिथेच ठेवून प्लेट लावा.