‘शिरिमासेन’ की ‘वाकारिमासेन’?

प्रश्न : ‘शिरिमासेन’ आणि ‘वाकारिमासेन’ या दोन्हींचा अर्थ पुस्तकात ‘आय डोन्ट नो’ असाच दिला आहे. ‘रविवारी काय करणार?’ या प्रश्नाला मी ‘शिरिमासेन’ म्हटलं, तर समोरच्या जपानी बाई एकदम गप्प झाल्या. काय चुकलं?

उत्तर : व्याकरण बरोबर होतं, पण त्यांना ते ‘मला काय माहीत!’ असं तुटक ऐकू गेलं असणार.

इंग्रजी अर्थ बाजूला ठेवा, इथे मराठी जास्त कामाला येते. ‘शिरु’ म्हणजे बाहेरची माहिती आपल्यापर्यंत येणं. ‘वाकारु’ म्हणजे कळणं, उलगडणं. ‘मला जपानी कळतं’ हे ‘निहोंगो गा वाकारिमास’. ‘वाकारु’सोबत कर्म दाखवणारा ‘ओ’ नव्हे, कर्ता दाखवणारा ‘गा’ हा प्रत्यय लागतो, कारण मराठीतल्यासारखी इथेही भाषाच ‘कळते’. ‘मी तानाकांना ओळखतो’ यात मात्र ‘ओ’ येतो : ‘तानाकासान ओ शित्ते इमास’.

पण स्वतःच्या बेताबद्दल मराठीच दगा देते. ‘अजून माहीत नाही’ असं आपण सहज म्हणतो. जपानीत तिथे ‘मादा वाकारिमासेन’च हवं. तुमचा रविवार ही काही बाहेरून मिळायची माहिती नाही, तो तुम्हीच ठरवायचा आहे. म्हणून बोलण्याआधी बघा : उत्तर कुणी सांगितल्याने मिळणार आहे, की विचार करून किंवा ठरवून? कुणाचा फोन नंबर ठाऊक नसेल तर ‘शिरिमासेन’ चालतं. मत, अंदाज, स्वतःचा निर्णय असेल तर ‘वाकारिमासेन’.

आणखी एक हमखास चूक. ‘माहीत आहे’ला ‘शित्ते इमास’ म्हणतात, म्हणून विद्यार्थी नकारासाठी ‘शित्ते इमासेन’ करतात. ‘शित्ते इमास का’ला नकारार्थी उत्तर ‘शिरिमासेन’ असंच येतं. ही जोडी विषम आहे, ती तशीच पाठ करावी. वरिष्ठांना मात्र ‘शित्ते इमास का’ विचारू नका, ‘गोझोन्जि देस का’ म्हणा. ‘वाकारिमास का’ तर त्यांना मुळीच नको. आपण त्यांची समज तपासतोय असं वाटतं.

कुणी नवी गोष्ट सांगितली तर ‘शिरिमासेन देशिता’, म्हणजे ‘मला हे माहीत नव्हतं’. तिथे ‘वाकारिमासेन देशिता’ म्हटलंत, तर सांगितलेलं समजलंच नाही असं वाटून ती व्यक्ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागेल.