यंत्राआधी किल्लीचं ठरवा

*‘उद्योगाचं टपाल’ या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे आमचे लेखक कोल्हापूरजवळ शिरोलीत चाळीस वर्षं फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) चालवून आता निवृत्त झाले आहेत.*

प्रश्न : आम्ही चंदगड तालुक्यातले काजू प्रक्रिया करणारे २३ जण. बहुतेकांची युनिटं घराच्या आवारातच, दिवसाला दीड-दोनशे किलो बी फोडणारी. एका सल्लागारांनी सामाईक सुविधा केंद्राचा ६ कोटींचा प्रस्ताव आणला आहे. ७० टक्के सरकार देणार, उरलेले आपण भरायचे, म्हणजे प्रत्येकी साधारण ८ लाख. त्यात ग्रेडिंगचं यंत्र, व्हॅक्युम पॅकिंग आणि इमारत. इमारतच २ कोटींची दाखवली आहे. आठ लाख म्हणजे माझी दोन वर्षांची कमाई. घरचे म्हणतात थांब, मैत्रिणी म्हणतात संधी जाईल. पैसे भरू का? आणि सत्तर टक्के सरकारचे असले तर मालक कोण?
— एक वाचक भगिनी, चंदगड

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी मालकीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच असतो. सरकार या केंद्राचं मालक होत नाही. तुम्ही २३ जण मिळून एक कंपनी किंवा संस्था काढायची, तिला सगळे एसपीव्ही म्हणतात, आणि केंद्र तिच्या नावावर राहतं. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या क्लस्टर योजनेत अशा संस्थेत साधारणपणे किमान २० उद्योग लागतात आणि कुणा एकाकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त भांडवल चालत नाही. ही अट मला मनापासून आवडते. तालुक्यातला एखादा मोठा व्यापारी पुढे होऊन बाकीच्यांची नावं फक्त कागदावर ठेवतो, त्याला त्यामुळे थोडा तरी आळा बसतो. मिळालेलं अनुदान परत करायचं नसतं. पण त्यातून घेतलेलं यंत्र सरकारच्या परवानगीशिवाय विकताही येत नाही.

आता तुमच्या सल्लागारांच्या कागदाकडे. ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला ७० टक्क्यांपर्यंत अनुदान, हे बरोबर आहे. पण त्याच योजनेत जमीन आणि इमारत मिळून प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंतच धरतात. ६ कोटींचे २५ टक्के म्हणजे दीड कोटी. तुमची नुसती इमारतच २ कोटींची, जमीन अजून वेगळी. वरचा सगळा खर्च तुमच्या खिशातून जाणार, आणि तो त्या आठ लाखांत धरलेला दिसत नाही. रोजचं खेळतं भांडवलही संस्थेनेच उभं करायचं असतं. जागा भाड्याची असेल तर करार किमान १५ वर्षांचा हवा. म्हणून सही करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जा, मार्गदर्शक तत्त्वांची ताजी छापील प्रत मागा आणि तिच्याशेजारी सल्लागारांचा अहवाल ठेवून एकेक ओळ ताडून बघा. एकट्या जाऊ नका. तिघी-चौघी जा.

पैसे भरू का, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला माझ्याच धंद्यातून द्यावं लागेल.

मी फाउंड्री सुरू केली तेव्हा धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, हे कळायला आमच्याकडे साधन नव्हतं. भट्टीतलं लोखंड तांब्याच्या साच्यात ओतून नाण्यासारखी तबकडी करायची, पाण्यात विझवायची, एक बाजू ग्राइंडरवर घासून चकचकीत करायची आणि स्कूटरवरून दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत न्यायची. तिथं स्पेक्ट्रोमीटरची ठिणगी त्या तबकडीवर पडायची आणि आकडे हातात यायचे. तोवर इकडे भट्टीतलं लोखंड थंड होऊ नये म्हणून वीज जळत राहायची. शेवटी आम्ही आठ जणांनी पैसे काढून एक जुना स्पेक्ट्रोमीटर घेतला. सरकारचा एक रुपया त्यात नव्हता. माझ्या शेडमधल्या एका खोलीत एसी लावला आणि यंत्र तिथं ठेवलं. पहिल्याच महिन्यात भांडण झालं, कारण ज्याची भट्टी आधी उतरेल त्याचा नमुना आधी, की ज्याने आधी फोन केला त्याचा, हे ठरवलंच नव्हतं. मग भिंतीवर एक वही टांगली. वेळ लिहायची, सही करायची, नमुन्यामागे पैसे डब्यात टाकायचे. त्या वहीवर ते यंत्र अकरा वर्षं चाललं.

पुढे आमच्याच भागात सरकारी मदतीतून एक केंद्र उभं राहिलं. नाव घेत नाही. यंत्र परदेशातून आलं, आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी बघायला गेलो तेव्हा ते लाकडी खोक्यातच होतं. खोक्याच्या फटीतून आतला प्लास्टिकचा कागद दिसत होता, त्यावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. चौदा महिने ते तसंच राहिलं. ट्रान्सफॉर्मरचा वाढीव भार मंजूर नव्हता आणि एका नमुन्याला किती पैसे घ्यायचे, यावर सभासदांचं एकमत नव्हतं. वॉरंटी खोक्यातच संपली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. सरकारचा पैसा म्हणजे तुमच्या-माझ्या कराचाच पैसा, तो असा पडलेला बघवत नाही.

तेव्हा यंत्राच्या आधी दराचं बोला. समजा ऑपरेटरचा पगार, वीज, भाडं, देखभाल धरून केंद्राचा महिन्याचा खर्च ९० हजार आला. तुम्ही २३ जणांनी मिळून महिन्याला ३० टन गर ग्रेडिंगला आणला तर किलोमागे ३ रुपये पडतील. १० टनच आणला तर ९ रुपये. ९ रुपये म्हटल्यावर दोघी-तिघी म्हणतील, आमच्या बायका हातानेच दोनशे चाळीस आणि तीनशे वीस, म्हणजे मोठा आणि लहान गर, वेगळे करतात की. मग माल आणखी कमी होईल आणि उरलेल्यांचा दर आणखी चढेल. आणि ३० टन गर म्हणजे किती बी, हे मी तुम्हाला सांगायला नको. चार किलो बीला किलोभर गर धरला तर महिन्याला १२० टन. दिवाळीनंतर तुमच्यापैकी किती जणींकडे बी शिल्लक असतं? मला वाटतं तुमची खरी अडचण इथे आहे, ग्रेडिंगच्या यंत्रात नाही. बी मार्च ते मे येतं. तेव्हा ज्याच्याकडे रोख पैसा, तो वर्षाचं घेऊन ठेवतो. लहान युनिटं मिळेल तेवढं घेतात आणि पुढे बोर्मा (गर वाळवायची भट्टी) थंड पडतो, कटरवरच्या बायका रोजगार हमीवर नाहीतर गोव्याला जातात.

म्हणून माझा सल्ला असा की प्रस्तावातला मोठा भाग गोदामाकडे वळवा. कच्च्या मालाचं सामाईक भांडार या योजनेत बसतं. नोंदणीकृत गोदामात बी ठेवलं तर पावतीवर बँक कर्ज देते, म्हणजे एप्रिलमध्ये अडकलेला पैसा सुटतो. ज्यांच्या स्वतःच्या बागा आहेत, त्यांना पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही आहे, तिच्यात काजू बी येतं. ती फक्त शेतकऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि आठ लाख भरण्याआधी एक हंगाम एकत्र काढून बघा. येत्या मार्चमध्ये २३ पैकी जेवढे तयार असतील तेवढ्यांनी प्रत्येकी २५ हजार काढा, एकत्र बी घ्या, एकाच्या शेडमध्ये ठेवा. ओलावा कोण तपासणार, वजनात घट आली तर कुणाच्या माथी, कुलपाची किल्ली कुणाकडे, हे सगळं वहीत लिहा. हंगाम संपल्यावर जेवढे जण पुन्हा पैसे काढायला तयार असतील, त्यांची संस्था करा. वीसच्या खाली आलात तर आजऱ्यातले लोक जोडून घ्या. संधी जाईल या भीतीने सही करू नका. ही योजना बरीच वर्षं चालू आहे आणि जिल्हा उद्योग केंद्र कुठे पळून जात नाही.

प्रश्न : सरकार आणि उद्योजकांनी मिळून एखादा भाग घडवायचा, ही कल्पना उदारीकरणानंतरची ना? निबंधासाठी हवं आहे.
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही. तुझ्याच जिल्ह्यात जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात त्यांना जमीन दिली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाने कारखाना काढला नाही आणि कारखानदाराने राज्य मागितलं नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, त्यामागे नारायणराव बाबासाहेब घोरपडे जहागीरदारांचा आधार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, रेल्वे स्टेशनला लागून. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तिथून बाहेर जाऊ लागले. पुढे गुऱ्हाळाला आणि विहिरीला इंजिनं लागली, इंजिनांना सुटे भाग लागले, आणि त्यातूनच आमचं उद्यमनगर आणि फाउंड्र्या वाढल्या. अलीकडचा दाखला हवा असेल तर २००३ साली सुरू झालेली केंद्राची औद्योगिक पायाभूत सुविधा योजना बघ. चिंचवडचं ऑटो क्लस्टर, वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर तिच्यातूनच झालं. निबंधात हे सगळं नुसतं मांडू नकोस. एक तास कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात उभी राहा आणि गुळाचा सौदा बघून ये, ते लिही.

प्रश्न : माझा मशीन शॉप आहे, अठरा कामगार. आमच्या गावच्या सरकारी आयटीआयच्या व्यवस्थापन समितीत मला उद्योग प्रतिनिधी म्हणून घेतलं आहे. बैठका होतात, चहा होतो, इतिवृत्तावर सही होते. मी तिथे नेमकं काय करायचं?
— एक उद्योजक, गडहिंग्लज

उत्तर : तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ आहे. २००७-०८ पासून केंद्राने देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायला घेतल्या. प्रत्येक संस्थेच्या समितीला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं. पहिली दहा वर्षं हप्ता नाही, पुढच्या वीस वर्षांत फेड. समितीचा अध्यक्ष उद्योगातला, प्राचार्य सचिव. म्हणजे पैसे कशावर खर्च करायचे, हे ठरवताना उद्योगवाल्यांचा आवाज मोठा असावा अशीच रचना होती. तुमची संस्था त्या यादीत आहे का, असेल तर रक्कम कुठे आहे, तिच्या ठेवीचं व्याज कशावर खर्च झालं, हप्ते चालू झाले का, एवढे प्रश्न पुढच्या बैठकीत लेखी विचारा. रागाने नको. प्राचार्यांना शत्रू करू नका, त्यांच्यावर शासनाचे किती कागद असतात हे मी जवळून बघितलं आहे.

मी स्वतः एका आयटीआयच्या समितीवर सहा वर्षं होतो. पहिली दोन वर्षं माझी तुमच्यासारखीच गेली. मग एका मंगळवारी दुपारी न कळवता वर्कशॉपमध्ये गेलो. नऊ लेथ होते, त्यातले चार चालू. एका लेथच्या चकचे (काम घट्ट धरून फिरवणाऱ्या भागाचे) जबडे गंजून घट्ट बसलेले. फिटरची मुलं फाइल (कानस) घासत होती, त्या फाइलींचे दात केव्हाच गेले होते. निदेशक म्हणाले, साहेब, टूल बिटची मागणी जूनमध्ये दिलीय, आता नोव्हेंबर आहे. मी परत आलो, आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या सहा जणांना फोन केले. प्रत्येकाच्या टूलरूममध्ये एकदा धार लावलेले, वापरता येतील असे बिट, म्हणजे लेथवर धातू कापायची पाती, पडून होतेच. शनिवारी दोन बादल्या भरल्या. ते बिट आणि एक तेलाचा कॅन घेऊन गेलो आणि निदेशकांच्या हाताखाली उभं राहून चक सोडवला. त्यानंतरच्या बैठकीत अडीच कोटींचं बोलणं वेगळं झालं, कारण आता सगळ्यांना वर्कशॉप माहीत होतं. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, घ्यायचं आधीच ठरलं होतं. आम्ही ते एक वर्ष पुढे ढकलून आधी वायरिंग आणि साधे लेथ नीट केले. त्यावर वाद झाला. मला आजही वाटतं आम्ही बरोबर केलं, कारण साध्या लेथवर हात न बसलेला मुलगा सीएनसीवर नुसती बटणं दाबतो.

तुमच्याकडे अठरा कामगार आहेत. त्यातल्या एकाला, ज्याचा हात चांगला आहे आणि ज्याला शिकवायला आवडतं त्याला, महिन्यातून दोन दुपारी आयटीआयमध्ये पाठवा, त्या दिवसाचा पगार तुम्ही द्या. ॲप्रेंटिस म्हणून दोन मुलं दरवर्षी घ्या. आणि पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. मुलं त्या वेळेला मशीनवर असतात.