सगळ्यांना टोचून देवी गेली नाही

प्रश्न : देवीचा रोग जगातून गेला तो सगळ्यांना लस टोचल्यामुळेच ना? मग इतकी वर्षं डोस देऊनही पोलिओ का जात नाही?

उत्तर : सगळ्यांना टोचलं, हा समज पक्का बसलेला आहे. सुरुवातीचा बेत तसाच होता : ८० टक्के लोकांना टोचा, रोग आपोआप हटेल. कागदावर आकडे गाठले जायचे आणि रोग उरलेल्यांमध्ये खुशाल नांदायचा.

वेगळी वाट सापडली ती टंचाईतून. डिसेंबर १९६६, पूर्व नायजेरिया. तिथे देवीविरुद्ध काम करणारे अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांच्याकडे लस अपुरी होती. तिथल्या मिशनऱ्यांकडे वायरलेस संच होते. त्यावरून त्यांना विनंती गेली की गावोगाव माणसं धाडा आणि देवीचे रोगी नेमके कुठे आहेत ते कळवा. मग रोगी सापडेल तिथेच टोचायचं, त्याच्या भोवतीच्या माणसांना. साथ आटोपली.

भारतात १९७३ पासून हाच शोध जोरात सुरू झाला. फोडांनी भरलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन आरोग्यसेवक दारोदार, बाजारात, शाळेत विचारत फिरायचे : असा कुणी पाहिलात? (शाळकरी पोरं खबर द्यायला मोठ्यांपेक्षा बरी.) खबर देणाऱ्याला बक्षीस, तेही वाढत वाढत १००० रुपयांवर गेलं. रोगी सापडला की त्याच्या घरावर पहारा बसायचा. दोन टोकांच्या सुईचं कौतुक बरंच होतं, आणि ते रास्तच आहे. टोकांमध्ये लसीचा थेंब धरायचा आणि १५ वेळा टोचायचं, नवख्यालाही जमावं इतकं सोपं. पण मला विचाराल तर खरी कामगिरी त्या कार्डाची.

कारण देवी लपत नाही. फोड तोंडावर आणि हातांवर येतात, रोग माणसाखेरीज कुठल्याही प्राण्यात तग धरत नाही, आणि लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत टोचलं तरी लस बहुधा वाचवते. म्हणून माग काढत काढत १९७७ साली सोमालियातल्या अली माव मालिनपर्यंत पोहोचता आलं. हा इस्पितळातला स्वयंपाकी. देवीच्या रोग्यांच्या गाडीला वाट दाखवायला थोडा वेळ तिच्यात बसला, तेवढ्यात त्याला लागण झाली. तो बरा झाला आणि निसर्गतः देवी आलेला जगातला शेवटचा माणूस ठरला.

पोलिओचं नेमकं उलटं आहे. लागण झालेल्या साधारण २०० जणांमध्ये एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीचे खेळत-बागडत विषाणू पसरवत राहतात. फोटो दाखवून त्यांना शोधता येत नाही, म्हणून तिथे फेरीमागून फेरी पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला डोस पाजावा लागतो.