आजीला कुणी विचारलंच नव्हतं

"ताई, रिपोर्ट घरी दाखवू नका. सासूबाई मलाच बोल लावतील." मी धुळ्याला लहान मुलांची समज आणि बोलणं तपासते; साक्रीकडून माझ्याकडे आलेल्या एका आईचं हे पहिलं वाक्य. मुलगा ३ वर्षांचा. अंगणवाडीत आरोग्य पथकाची वर्षातून २ वेळा तपासणी असते, तिथे 'बोलणं मागे' अशी नोंद झाली आणि शेजारणीनं त्याला 'मंद' हा शब्द जोडून दिला. निकाल घरी सांगायचा कसा, ही धास्ती पुष्कळ आया घेऊन येतात.

मी म्हटलं, सांगायचं नंतर बघू, आधी सासूबाईंनाच घेऊन या. आई दिवसभर कापसाच्या वावरात, पोर आजीजवळ. मग त्याची खबर जास्त कुणाला?

पुढच्या खेपेला मी त्याला म्हटलं, "बॉल मला दे." तो नुसता बघत राहिला. आजी पुढे सरकली, "माले दे रे आंडोर!" लगेच दिला. मी मनात निकाल लावूनही टाकला: घरी अहिराणी, तपासणी पुस्तकी मराठीत, गफलत तिथेच. (ही घाई माझी अजून जात नाही.) पण आजी त्याच्या कानाशी, खणखणीत बोलली होती. मागून मी हळूच "आठे ये" (इकडे ये) म्हटलं, तर वळलाच नाही.

कानाचं विचारलं. "पावसायामा कान वाहस त्याना." त्यावर आजी लसणाचं तेल घालायची. आईला हे धड माहीतही नव्हतं.

तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. निकालाच्या दिवशी वडिलांनाही बोलावलं. तपासणीतला आकडा आधी सांगितला की पुढचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून आधी विचारलं, घरी हा काय काय करतो? बकरीला पाला टाकतो, सगळ्यांच्या चपला जोडीनं लावतो. मग म्हटलं, समज चांगली आहे, बोलणं मागे आहे, कारण शब्द कानापर्यंत अर्धेच पोचतात. कानाचे उपचार डॉक्टर करतील; कानात तेल नाही, पाणी नाही. समोर बसून बोला, अहिराणीतच बोला. कधी बोलू लागेल, ही तारीख मी दिली नाही.

"मंग मी तेल टाकं ते चुकनं का?" आजीनं विचारलं.

"तेल चुकलं. पण कानाचं तुम्ही सांगितलं, म्हणून कळलं."

सून खाली बघत होती. रिपोर्टची घडी सासूबाईंनी स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची तारीख सुनेला दोनदा विचारली.