तुमचे प्रश्न : बदल्यांच्या धावपळीत पोरांचा अभ्यास कुठं राहतो?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कराड तालुक्यातले, मिस्टर आर्मीत हवालदार आहेत. मुलगी आता पाचवीत. पहिली-दुसरी केंद्रीय विद्यालयात झाली, मग ह्यांना फील्ड पोस्टिंग (जिथं कुटुंब नेता येत नाही) लागली म्हणून आम्ही गावी आलो आणि ती झेडपीच्या शाळेत गेली, चौथीच्या मध्यात परत सामान बांधलं आणि आता जबलपूरला आर्मी पब्लिक स्कूल. प्रगतीपुस्तकं सगळी चांगली आहेत, कुठं ए कुठं बी. पण परवा पीटीएमला मॅडम म्हणाल्या हिला अपूर्णांक अजिबात येत नाहीत, मी घरी विचारलं तर १/२ आणि १/३ मध्ये मोठं कोणतं, तर म्हणे १/३! मग एवढे दिवस ते ए-बी कशाचे होते? आणि हल्ली मुलांचे ऑनलाइन आयडी निघालेत, त्यात हे सगळं दिसत नाही का?
– एक फौजी-पत्नी

उत्तर : ताई, आधी पोरीला ओरडू नका. तीन हा दोनापेक्षा मोठा म्हणून १/३ मोठं, असं त्या वयातली कितीतरी पोरं म्हणतात, वर्षानुवर्षं एकाच शाळेत बसलेलीसुद्धा. एक भाकरी दोघांत आणि मग तिघांत वाटायला लावा, चार दिवसांत जमेल.

खरी गोम तारखांत आहे. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपल्या झेडपीचं जूनमध्ये, पुस्तकं वेगळी, धड्यांचा क्रम वेगळा. तुम्ही वर्षाच्या मध्यात हलता तेव्हा असं होतं की जुन्या शाळेत अपूर्णांक दिवाळीनंतर शिकवणार असतात आणि नव्या शाळेत ते दिवाळीआधीच उरकलेले असतात, म्हणजे पोरीच्या वाट्याला तो धडा आलाच नाही, आणि दोन्ही शाळांचा रिझल्ट मात्र खरा, कारण जेवढं शिकवलं तेवढ्याचीच परीक्षा घेतली ना त्यांनी.

आता आयडीचं. दोन आहेत, लोक हमखास घोळ करतात. एक पेन नंबर, म्हणजे मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक, तो शाळा यूडायस प्लसवर (सरकारचं शाळांच्या नोंदींचं पोर्टल) नोंद करते तेव्हा मिळतो, आणि दुसरा अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा शैक्षणिक आयडी, १२ आकडी, तो पालकांची लेखी संमती घेऊन काढतात आणि डिजीलॉकरला जोडलेला असतो. दोन्ही कामाचे आहेत, पण पोर कुठल्या शाळेत, कितवीत, पास झालं का, हे सांगण्यापुरते. अपूर्णांक राहिलेत हे त्यात कुठंच दिसणार नाही. एक गोष्ट मात्र नक्की बघा, जुन्या शाळेनं पोर्टलवरून मुलीचं नाव सोडलंय का. सोडल्यावर ते पोर्टलच्याच ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) जातं आणि नवी शाळा पेन नंबर टाकून तिथून उचलते. हे अडकलं की पोर वर्गात बसलेलं असतं आणि कॉम्प्युटरवर अजून जुन्याच गावात असतं, मग अपारपण लटकतं. टीसी घेताना पेन नंबर त्यावर लिहिलाय का तेवढं बघून घ्या.

बदल्यांची ही अडचण बाहेरच्या फौजींनाही येते. अमेरिकेत २०१५च्या शिक्षण कायद्यानं ड्युटीवरच्या फौजींच्या मुलांची शाळेच्या नोंदीत वेगळी खूण करायला लावली, म्हणजे या मुलांचा निकाल एकत्र काढून बघता येतो. शिवाय तिथं सगळ्या ५० राज्यांनी मान्य केलेला एक करार आहे, त्याप्रमाणे अधिकृत कागद मागून आले तरी चालतात, पालकांनी हातात नेलेल्या रेकॉर्डवर नवी शाळा तात्पुरता वर्ग ठरवून मुलाला बसवून घेते. मला त्यातली ही हातात न्यायच्या कागदांची गोष्ट फार पटते, कारण ती आपण इथंही करू शकतो, कुणाची परवानगी लागत नाही. शाळा सोडताना टीसी तर सगळेच घेतात (आणि सीईए, म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा भत्ता, त्याच्या क्लेमसाठी शाळेचं सर्टिफिकेट तर फौजी माणूस विसरतच नाही!), पण त्यासोबत प्रत्येक पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर बाईंकडून खुणा करून घ्या, कुठला धडा झाला कुठला राहिला. शेवटच्या तपासलेल्या पेपरांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नव्या शाळेत गेल्या गेल्या वर्गशिक्षकांना हे दाखवा आणि टक्के न विचारता सरळ विचारा, तुमच्याकडं आत्तापर्यंत झालेल्यातलं हिचं काय झालेलं नाही? बऱ्याच बाई मनापासून सांगतात, त्यांनाही ते सोपं पडतं.

आणि घरी एक वही. दर दोन-तीन महिन्यांनी एक भागाकार, एक अपूर्णांकाचं गणित, एक उतारा मोठ्यानं वाचून घ्यायचा, तारीख टाकायची, कुठं अडली ते लिहायचं. शाळा बदलतील, बाई बदलतील, पण पहिलीपासून सलग बघणारं माणूस तुम्ही एकट्याच आहात.

प्रश्न : मी स्वतः माजी सैनिक. मुलगा सध्या बॉर्डरवर आहे, सून आणि तिसरीतला नातू गावी आलेत. जुन्या शाळेचा दाखला अजून आलेला नाही, इथं गावातल्या शाळेत म्हणतात दाखल्याशिवाय घेता येत नाही. आणि पोराला मराठी वाचता येत नाही, सगळं हिंदीत.
– एक आजोबा, खटाव

उत्तर : आजोबा, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ बघायला सांगा हेडसरांना. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. वयाप्रमाणे वर्गात बसवून घ्यायचं, कागद मागून. तोंडी ऐकलं नाही तर साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

मराठीची एवढी काळजी नको. देवनागरी त्याला येतेच, फक्त ळ वर अडखळेल आणि शब्द नवे वाटतील. पहिले काही आठवडे त्याचं गणित-परिसर तोंडी विचारा, हिंदीत उत्तर दिलं तरी चालवून घ्या, नाहीतर भाषेमुळं गप्प बसलेलं पोर अभ्यासात कच्चं म्हणून नोंदवलं जातं आणि तो शिक्का पुढच्या पोस्टिंगलाही त्याच्याबरोबर जातो.

प्रश्न : मुलगा सीबीएसईत नववीत आहे, मिस्टरांची बदली ऐन मार्चमध्ये. दहावीला शाळा बदलू की नको?
– एक आई, देवळाली

उत्तर : शक्यतो नको. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग कोर्स धरतात, नववीतच रजिस्ट्रेशन होतं. बदलीच्या कारणानं दहावीत शाळा बदलता येते, पण बोर्डाची परवानगी, मूव्ह ऑर्डर (बदलीचा आदेश), रिपोर्ट कार्ड, सगळं लागतं. त्यापेक्षा मुलाच्या दहावीसाठी क्वार्टर रिटेन करायचा (आहे ते सरकारी घर ठेवून घ्यायचा) अर्ज मिस्टरांनी यूनिटमधून आत्ताच टाकावा, मार्चची वाट बघू नका. जायचंच ठरलं आणि मुलगा केव्हीत (केंद्रीय विद्यालयात) असेल तर मात्र केव्हीतून केव्हीत जा, पालकांच्या बदलीवर तिथं वर्ग भरलेला असला तरी घेतात.