गुडविल वजा करायचं का? आधी ते आलं कुठून ते बघा

तुमचे प्रश्न दोन. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या ताळेबंदात सतरा हजार कोटींच्या वर गुडविल दिसतंय, ते नुसती हवा समजून नेटवर्थमधून (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्यातून) वजा करायचं का? आणि उद्या इम्पेअरमेंट आली, म्हणजे मालमत्तेची पुस्तकी किंमत तोटा दाखवून खाली आणावी लागली, तर तेवढे पैसे बुडाले असं धरायचं का?

बारावी कॉमर्सला याला आपण ‘ख्याती’ म्हणायचो. भागीदार आला-गेला की नोंदी पाडायच्या. कंपनीच्या ताळेबंदात मात्र स्वतः कमावलेली ख्याती येतच नाही. लक्स घराघरांत आहे, तरी तो ब्रँड मालमत्तेत दिसणार नाही. हॉर्लिक्स दिसतो, कारण तो ३,०४५ कोटी मोजून विकत घेतला.

गुडविल म्हणजे खरेदीच्या हिशेबातली उरलेली रक्कम. समजा, एक मसाल्याची कंपनी ५० कोटींना घेतली. कर्ज वजा जाता शेड, मशिनरी, माल २५ कोटींचा, ब्रँड १५ कोटींचा. उरलेले १० कोटी गुडविल.

तुमच्या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. हॉर्लिक्स बनवणाऱ्या ग्लॅक्सोच्या कंझ्युमर कंपनीचं हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीनीकरण डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं तेव्हा किंमत ३१,७०० कोटी धरली होती. पण मोबदला रोख नव्हता, ग्लॅक्सोच्या एका शेअरमागे लिव्हरचे ४.३९ शेअर द्यायचे होते. १ एप्रिल २०२० ला विलीनीकरण अमलात आलं तोवर लिव्हरचा भाव बराच वर गेला होता, आणि नियमानुसार मोबदला ताबा मिळाल्या दिवशीच्या भावाने मोजतात. गुडविल त्यामुळेही फुगलं.

आता इम्पेअरमेंट. इंड एएसमध्ये, म्हणजे आपल्या मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत, गुडविल दरवर्षी थोडं थोडं घासत (खर्ची टाकत) नाहीत, त्याची किंमत अजून टिकून आहे का ते वर्षातून एकदा तरी तपासतात. वरच्या मसाला युनिटची पुस्तकी किंमत ५० कोटी आणि त्यातून वसूल होण्याजोगी रक्कम ३८ कोटी निघाली, तर तोटा १२ कोटींचा. आधी गुडविलचे १० कोटी शून्य, उरलेले २ बाकी मालमत्तांवर. पुढे धंदा सुधारला तर हे २ परत लिहिता येतात, गुडविल कधीच नाही.

यात त्या वर्षी रोकड जात नाही, ती आधीच गेलेली असते. टाटा मोटर्सने ऑक्टोबर-डिसेंबर २०१८ च्या तिमाहीत जेएलआरपोटी (जग्वार लँड रोव्हर, त्यांची ब्रिटनमधली कार कंपनी) २७,८३८ कोटींची इम्पेअरमेंट दाखवली तेव्हा ‘एवढे पैसे गेले कुठे’ म्हणून मला फोन आले होते. ते प्लान्टवर आणि नव्या मॉडेलांच्या विकासावर आधीच खर्च झाले होते, फक्त तोवर मालमत्ता म्हणून बसले होते.

वजा करायचं का? कर्ज देणाऱ्याच्या नजरेने बघत असाल तर बिनधास्त करा. रोजचा धंदा भांडवलावर किती कमावतो हे बघायलाही करा. पण मॅनेजमेंटने खरेदी शहाणपणाने केली का हे जोखायचं असेल तर अजिबात करू नका. दिलेली किंमतच हिशेबातून काढलीत तर महाग घेतलेली कंपनीही स्वस्त दिसेल.

मी स्वतः आकड्याआधी ताळेबंदाखालची इम्पेअरमेंट तपासणीची नोट वाचतो: डिस्काउंट रेट (पुढची कमाई आजच्या किमतीत आणायचा दर) किती, अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरची कायमची वाढ किती धरली. ऑडिटमध्ये एका कंपनीची या तपासणीची एक्सेल शीट हाती आली होती. विक्री दोन वर्षं घसरत होती, आणि कायमची वाढ मात्र ४ टक्क्यांवरून ५.५ केलेली. ४ टाकून बघितलं, तर टेस्ट नापास. कारण विचारलं तर फायनान्स हेड म्हणाले, ‘मार्केट सुधारतंय.’